मांगच्या आंगनातली न्हानी

माझं माहेर कुरखेड्याकडचं, धानाच्या बांध्यात खेळून मोठी झाली आन् लगन होऊन आली इथी चामोर्शीले. सासरचं घर मातीचं, पन ऐसपैस. सासरे, माझा नवरा म्हंजे शकूचा बाप, मी, आमची पोरगी शकू, धाकटा देर वामन आन् त्याची बायको रेखा, सारे एकाच चुलीवर. बुद्धाच्या तसबिरीपुढं सकाळी सारे हात जोडत, भांडन कमी, हासनं जास्त. पन काय सांगू तुम्हाले, न्हानी नवती.

म्हंजे होती, नावाची. मांगच्या आंगनात एक दगड आन् बांबूचा तुटका तट्टा, आन् तट्ट्याच्या पल्याड तलावावर जाची वाट, दिवसभर गुरं काय, माणसं काय. धानाच्या रोवन्याच्या दिवसात अंगावर चिखल वाळून खाज सुटे, तरी आम्ही बाया अंधार पडेपर्यंत तशाच बसून राहो. माझं झालं ते झालं, पन पोरगी शकू मोठी होऊन राह्यली होती, एक दिवस रडत म्हने, आई, मी आता आंघोळच नाई करत. ते मले लागलं. म्हणली, पोरीले चार भिती आन् दार पायजे म्हंजे पायजे.

सासरे म्हने, सूनबाई, घराचा भाव धान साठवाच्या ढोलीनं वाढते, न्हानीनं वाढते का कुठी? आन् वामन तं मस्करीच करे, वहिनी राजवाडा बांधून राह्यली, आता राजाले बोलवा. मी म्हणली, हासा, दात तरी दिसतात. इटाच्या भट्टीवर मी कामाले जात होती, तिथल्या मालकानं तुटक्या इटा नेऊ देल्ल्या, त्याचं भलं होवो. माझा भाऊ मिस्तरी, तो माहेराहून आला, माझ्या हातचं जेवला, मजुरीचं नावही नाई काढलं. डोक्याहून उंच भिती, सिमेटाची फरशी, आतून कडी. शकू पह्यल्यांदा आत गेली तं बाहीर येईच ना, आत गाणं म्हनून राह्यली होती पोरगी, आन् मी बाहीर उभी राहून रडून राह्यली होती.

मंग सासऱ्यानं वाटनी काढली. आमच्यात रीत अशी का थोरल्यानं वाटे पाडाचे आन् धाकट्यानं आंधी उचलाचा, म्हंजे पाडनारा लबाडी करत नाई. शकूच्या बापानं दोन वाटे पाडले, समोर ओसरी आन् बाजाराचा रस्ता, मांगं ढोली आन् आंगन. न्हानी त्यानं धरलीच नाई. म्हने, ते कोन मोजते, वामनले दुकान टाकाचं हाय, तो समोरचाच घेईन, मांगचं आपलंच. मीही निवांत.

चार जाणती माणसं बसली. वामननं तोंड उघडलं, तेवढ्यात दाराआडून रेखाच्या बांगड्या वाजल्या. तो थांबला आन् म्हने, मले मांगचा पायजे. सासरे म्हने, काऊन गा, दुकानाचं का झालं? तं खाली मान घालून म्हने, हे म्हनते, न्हानी तिकडं हाय. राजवाडा म्हनून मस्करी करनाऱ्यानंच भाव केला आन् न्हानी माझ्या हातची गेली. रीत ते रीत, बोलाची सोय नाई. शकू माझ्याकडं पाहे आन् मी भुईकडं.

दोन वाट्याच्या मधात भिंत घालाले वामननं मिस्तरी आनला, तं रेखा पदर खोचून उभी. न्हानी आमच्या बाजूले लागूनच, तिच्या भितीवर हात ठेवून म्हने, पह्यले इथी जाऊबाईच्या बाजूनं दार काढा. वामन म्हने, येडी झाली का, मंग आपलं का राह्यलं? रेखा म्हने, मले न्हानी पायजे होती, पन जिनं बांधली तिलेच बाहीर ठेवू का? वामननं मिस्तऱ्याले खूण केली. न्हानीले आमच्या बाजूनं दुसरं दार झालं.

आता शकू बाळंतपनाले आली हाय, लेकराच्या अंगावर पानी रेखाच घालते, मले हात लावू देत नाई. आन् सासरे आल्यागेल्याले घराआंधी न्हानी दाखवतात, मी हासतो मनात.

न्हानीच्या माझ्या दाराची कडी आतूनच लागते, आंघोळीले गेलेल्या रेखानं काढली नाई तं मी बाहीरच. मांगं आमचं भांडन झालं, महिनाभर एकमेकीचं तोंड पाहत नवतो. तरी रोज आंघोळ करून निघाच्या आंधी ते माझी कडी काढून जाय. असी जाऊ साऱ्याइले भेटो, बाई.