दगडावरून मोजलेलं पाणी

शुभांगी: तलाव अकरा. पाण्याच्या नोंदींच्या फायली अकरा, अन् एकीचा नमुना दुसरीसारखा नाही. माझे प्रोग्राम तेहतीस. प्रत्येक तलावाले एक वाचायचा, एक तपासायचा, एक आलेख काढायचा. आठ महिने लागले. आता तुझे सांग.

सुगत: तीन.

शुभांगी: एका तलावाचे?

सुगत: सगळ्यांचे मिळून. अन् अकरा वर्णनं.

शुभांगी: वर्णनं? निबंध लिहिले का तू?

सुगत: निबंध कायचे, ताई. फाईलमध्ये काय आहे तेवढंच लिहायचं. आधी तारीख, मग फूट, मग इंच, मधात स्वल्पविराम. कसं वाचायचं ते सांगायचंच नाही. वाचणारा प्रोग्राम वर्णन पाहतो अन् चालतो. तपासणाराही तेच पाहतो, आलेख काढणाराही. उद्या बारावा तलाव आला तर प्रोग्रामले हात नाही लावायचा. पाचसहा ओळी लिहायच्या, बस.

शुभांगी: अन् मले नवे तीन लिहावे लागतील.

सुगत: मी तसं म्हटलं नाही.

शुभांगी: अन् ताई नको म्हणू. दोनच वर्षं मोठी आहे. दीड महिना झाला तुले येऊन, घनश्याम सर चहा तुझ्याच टेबलाशी पिऊन राहिले.

सुगत: पंखा इथं आहे म्हणून.

शुभांगी: आठ महिने तो पंखा माझ्या टेबलाशी होता. तेव्हा ते आपल्या खोलीत पीत.

सुगत: चार वाजता सर ठरवणार आहेत, पुढच्या साठ तलावांसाठी कोणाचं काम घ्यायचं. त्याआधी एकदा पाहून दे ना. हे आंधळगाव. नोंदी तीन हजार सहाशे बावन्न, वर्णनाशी न जुळलेली एकही नाही. बरोबर?

शुभांगी: वाचलं तर सगळंच आहे.

सुगत: आलेख?

शुभांगी: ठीकच आहे.

देवाजी: येऊ का मंदी? मागच्या मयन्याचा रजिस्टर आनलो.

शुभांगी: या काका, बसा. सुगत, हे देवाजीकाका. आंधळगावच्या तलावाची मोजणी रोज सकाळी हेच करतात.

देवाजी: या टीव्हीवर कोनचा तलाव हाये?

सुगत: तुमचाच. दहा वर्षांचं पाणी आहे त्यात.

देवाजी: माहा? मे मंदी एवढा भरून, अन् ऑगस्टात खाली? मंग आमी उन्हाळी धान काहून नाई लावलो बाप्पा?

सुगत: म्हणजे?

देवाजी: आरे, मी वरून मोजतो. पानी सोडाच्या दारावर दगड हाये ना, तेच्यावर बसतो, गाठीची दोरी सोडतो, पानी लागलं का थांबतो. जेवढी दोरी गेली तेवढं लिहतो. खालून काठी टेकवली तं गाळात रुतते, अन् गाळ दरसाल वाढते. दगड तं हालत नाई. हे पोरगी माह्यासंग दगडावर बसून पायली होती सारं. सांगतली नाई का याले?



सुगत: शुभांगी, तुले माहीत होतं?

शुभांगी: माझ्या आंधळगावच्या प्रोग्राममध्ये तेरातून वजा करते मी. तेरा फूट, दाराच्या तळापासून दगडाची उंची.

सुगत: अन् मी आता विचारलं तेव्हा?

शुभांगी: तेव्हा ठीक आहे म्हटलं.

सुगत: सरांसमोर तलाव उलटा दिसला असता.

शुभांगी: तेच पाहायचं होतं मले. तुझे तिन्ही प्रोग्राम मी रविवारभर वाचले. एक चूक शोधत होती. सापडली नाही. मग ही एकच गोष्ट उरली, जी माझ्याजवळ होती अन् तुझ्याजवळ नव्हती.

देवाजी: मी बाहेर बसू का?

शुभांगी: नाही काका, बसा. तुमच्याच तलावाचं चाललं आहे.

सुगत: चूक तर माझीही आहे. फूट लिहिले, पण कुठून मोजले हे लिहायले वर्णनात जागाच नाही ठेवली. बाकी तलावांचं असं काही माहीत आहे तुले?

शुभांगी: अकराही तलावांचं. एका ठिकाणी सोमवारी मोजतात अन् रविवारपर्यंत तेच उतरवतात.

सुगत: मग जागा करतो. त्यातल्या ओळी तू लिही.

शुभांगी: त्या लिहिल्या की माझ्या तेहतीसची गरज नाही राहत.

सुगत: नाही राहत.

शुभांगी: खोटं तरी बोलायचं होतं.

सुगत: आज एक ऐकलं ना मी.

शुभांगी: सरांना काय सांगणार आहेस?

सुगत: पावणेचार झाले. आधी लिही.

शुभांगी: मोजणी कुठून, दगडाच्या माथ्यावरून. दिशा, खाली. माथ्याची उंची, तेरा फूट. घे, चालव.

सुगत: तूच चालव.

देवाजी: काय आलं, पोरी?

शुभांगी: नोंदी तीन हजार सहाशे बावन्न. न जुळलेल्या शून्य. यंदा मेच्या पंधरा तारखेले पाणी, दोन फूट तीन इंच.