ओला वेट आणि डॉक्टर वेट

हसू नका हं, पण माझं इंग्रजी खरंच चांगलं आहे. बारा वर्षं लेस्टरमध्ये राहतेय आणि दर शनिवारी सकाळी चीनमधल्या लिन नावाच्या अकरावीतल्या मुलीला ऑनलाइन इंग्रजी शिकवतेय. तिची परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून परवा लिसनिंगचा सराव घेतला. मी उतारा वाचायचा, तिने गाळलेले शब्द भरायचे.

मी वाचलं, "दे टुक द डॉग टु द वेट." लिनने लिहिला ओला या अर्थाचा वेट.

"अगं, तो नाही. वेट! जनावरांचा डॉक्टर!"

"टीचर, मग ओल्याला काय म्हणायचं?"

"वेट."

"आणि डॉक्टरला?"

"वेट!"

बिचारी हेडफोन कानावर दाबून ऐकत होती. तेवढ्यात इथेच जन्मलेली माझी लेक ईशा टोस्ट खात आली. "आई, तू दोन्ही सेमच बोलतोस. डॉक्टरवाल्यात दात ओठाला लागतात."

मी भडकले. "बोलतोस नाही, बोलतेस! आईला कोणी बोलतोस म्हणतं का?"

"मी तेच म्हटलं ना? बोलतोस!"

लिनने कुतूहलाने विचारलं, "टीचर, काय झालं?"

"काही नाही गं. दोन शब्दांत फरक आहे, आणि हिला तो ऐकूच येत नाही."

लिन जरा विचारात पडली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "टीचर, तुमच्या घरी हे सगळ्यांनाच आहे का?"