बसलेला घसा

मी पुन्याहून चार दिवसांतच शिरपूरले वापस काहून आलो, तेच इचारता ना? आयका मंग.

माह्या नातीले पाहाले पाहुने येनार होते. सकायीच पोरगा जवळ बसला अन् हळूच म्हने, "बाबा, आज तुम्ही बोलू नका. तुमचा घसा बसलाय असं सांगतो मी."

"अरे, माह्या घशाले काय झालं?"

"काही नाही. पण तुमचं बोलणं ऐकून सोयरीक मोडायला नको."

नातीच्या जिंदगीचा सवाल होता. मी तोंड शिवलं.

पाहुने आले. संगं नवरदेवाचा आजा होता, माह्याच वयाचा, धोतरवाला. नवरदेवाचा बाप म्हने, "आमच्या आबांचा घसा बसलाय हो, ते बोलणार नाहीत."

आमी दोघं म्हतारे समोरासमोर नुस्ता चहा पेत राह्यलो.

मंग मी गॅलरीत जाऊन तंबाखू काढला, त आबा मागून आला. त्यानं हात पुढं केला, दाराकडं पाह्यलं अन् कानाशी म्हने, "काय पाव्हणं, तुमचं पोरगं बी लई शिकलंय व्हय?"

मी त्याच्या हातावर चिमूट ठेवली. म्हनलं, "हो ना बावा. म्याच त शिकवलं त्याले."