मिस्त्री निघाले, पण शेडला कुलूप कशाला?

तीन मिनिटं म्हणे! माझ्याआधी चौघे बोलले, त्यांच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ कोणाला दिसलं नाही. बाई उभी राहिली आणि सेक्रेटरीसाहेबांनी मनगट वर केलं. बरं, लांब बोलले त्याचं दुःख नाही, बोलावं माणसानं. पण मिस्त्रींच्या निरोपाला आलात आणि तेवीस वर्षं मिस्त्रींनी नेमकं काय केलं, त्यावर एक शब्द नाही? ‘मनमिळाऊ होते.’ ‘वेळेवर यायचे.’ वेळेवर पोस्टमनसुद्धा येतो! पॉवर टिलर हा शब्द ह्या हॉलमध्ये अजून कोणी उच्चारलेला नाही. मी उच्चारते. लिहून घ्या.

तर आपल्या शेतकरी सोसायटीचे माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी हे गुच्छ आणलेत ते मिस्त्री, खरं तर त्यांच्या शेजारी बसायला हव्या होत्या पण तिसऱ्या रांगेत बसवलेल्या वहिनी, आणि समोरचे सगळे लहानथोर, सगळ्यांना माझा नमस्कार. मी चौथीपर्यंत शिकले. भाषण आयुष्यात पहिल्यांदाच करते आहे. शब्द सुंदर नसतील, पण खोटा एकही नाही.

पाहुणे बाहेरून आलेत म्हणून सांगते. टिलर म्हणजे दोन चाकं, एक इंजिन, मागे दोन लांब दांड्या, आणि त्या दांड्या धरून पायी चालणारं माणूस. आमची शेतं उताराला, पायऱ्यांसारखी. एकेक पट्टा ह्या हॉलपेक्षा थोडा रुंद. मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही. टिलर वळतो. म्हणून आम्ही जगतो. आणि टिलर बिघडला की गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींकडे जातो.

आता ऐका. मिस्त्री निवृत्त झाले, म्हणून ती शेड बंद करायचं ठरलंय. पाने, जॅक, सुटे भाग, सोसायटीचे स्वतःचे दोन टिलर, सगळं भंगारात. हे आज इथे कोणी बोललं नाही. फुलं वाटली. म्हणून मला बोलावं लागतंय.

सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची कंबर धरली आणि ते आडवे झाले. पेरणी तोंडावर. मी दांड्या धरल्या. सासूबाई म्हणाल्या, “अगं, बैलाला डोळे असतात, खड्डा दिसला की थांबतो. ह्याला डोळे कुठायत?” मी म्हटलं, “माझे आहेत ना.” मोठी शहाणी!

ह्या दांड्यांच्या खाली दोन लहान मुठी असतात, साइड क्लच म्हणतात. डावी दाबली की टिलर डावीकडे वळतो, उजवी दाबली की उजवीकडे. अर्ध्या दिवसात शिकले. दुसऱ्या दिवशी वरच्या पट्ट्यातून खाली उतरत होते. उजव्या हाताला विहीर. म्हणून डावी मूठ दाबली. टिलर उजवीकडे वळला! आणखी जोरात दाबली, तो आणखी उजवीकडे. शेवटी मेन क्लच खेचला तेव्हा थांबला. विहिरीचा काठ आणि चाक ह्यांच्यात माझी चप्पल मावली नसती.

मग मी काय केलं? मिस्त्रींना विचारलं? छे! माझी खात्री झाली की आदल्या संध्याकाळी तेलपाणी करताना त्यांनी मुठींच्या वायरी उलट्या जोडल्यात. भाऊजींना म्हटलं, “बदला.” भाऊजींनी डावीची वायर उजवीला लावली, उजवीची डावीला, आणि मिशीला पीळ दिला. सकाळी सपाटीवर डावी मूठ दाबली, तर टिलर उजवीकडे, थेट जावेच्या कोबीत. जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ताई, काल विहिरीत गेला असता तर बरं झालं असतं. माझा कोबी तरी वाचला असता.”

मी तणतणत शेडवर गेले. चार माणसांसमोर मिस्त्रींना वाट्टेल ते बोलले. ते चाकाला ग्रीस भरत होते. हात पुसले, म्हणाले, “चला.” बस, एवढंच. शेतात आले, वायरी पाहिल्या. “कोणी बदलल्या?” भाऊजी आभाळ बघायला लागले.

वायरी पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. मग विहिरीपासून लांब, एका मोकळ्या उतारावर मला दांड्या धरायला लावल्या. स्वतः हात लावला नाही. खालचा गिअर, अगदी हळू. “डावी दाबा.” गेला उजवीकडे. “आता उजवी.” गेला डावीकडे.

“भूत आहे ह्याच्यात,” मी म्हटलं.

“भूत नाही बाई, उतार आहे,” ते म्हणाले. “सपाटीवर इंजिन चाकांना ढकलतं. उतारावर वजन चाकांना ढकलतं, आणि इंजिन त्यांना धरून ठेवतं. मूठ दाबली की त्या चाकाचा धरलेला हात सुटतो. हात सुटलेलं चाक काय करणार?”

“पुढे पळणार.”

“डावं पुढे पळालं, तर टिलर कुठे वळणार?”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. विहिरीच्या काठावर आला नव्हता, तो तेव्हा आला. ज्याला मी दोन दिवस वेडं लोखंड म्हणत होते, ते शहाण्यासारखंच वागत होतं. मातीचा कल, यंत्राचं वजन, माझी एक मूठ, सगळं एका नियमात बांधलेलं, आणि तो नियम ह्या माणसाने मला, चौथी पास बाईला, चार वाक्यांत हातावर ठेवला. “उतारावर त्या मुठींना हातच लावू नका, दांड्यांनीच वळवा,” असं सांगून ते चालायला लागले. शेडवर मी वाट्टेल ते बोलले, त्याबद्दल माफी मागायची राहिली माझी. मिस्त्री, आज मागते. मान वर करा की जरा!

त्यानंतर दर मंगळवारी मी शेडवर जायला लागले. एकदा त्यांनी गिअरचा डबा उघडून दाखवला. एका इंजिनाची ताकद एवढ्याशा दातांमधून, तेलात न्हात, दोन चाकांपर्यंत कशी जाते ते पाहिलं. मी तोंडात बोटं घालणार होते, पण बोटांना ग्रीस होतं. रस्त्यावरून टिलर गेला की मिस्त्री न बघता सांगायचे, “एअर क्लीनरमधलं तेल आटलंय, धूळ आत चाललीये.” उघडून बघावं, तर तसंच! इंजिन सुरू करायला हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर उलट झटक्याने तुटतो, हे त्यांनी मला नऊ वेळा सांगितलं. दहाही बोटं शाबूत आहेत, पाहा. माझ्यामागून जाऊ आली, मग बाकीच्या. आज आम्ही तेरा जणी बेल्ट ताणतो, पाती बदलतो, डिझेलमधला गाळ काढतो. जाऊ तर माझ्याच चुका काढते.

अध्यक्षसाहेबांना मी परवा भेटले. म्हणाले, “बाई, मोठा ट्रॅक्टर घेतोय ना आपण.” आमच्या पट्ट्यात तो उतरणार कुठून, विमानातून? म्हणाले, “आता दुरुस्ती सगळी मोबाइलवर दिसते.” दिसते हो. पण बेल्ट सुटायच्या आधी कसा चिरकतो, ते मोबाइल माझ्या शेतात येऊन ऐकणार आहे का? एक टिलर ऐन पेरणीत बंद पडला, तर त्या घराचा हंगाम गेला. मग गुच्छ घेऊन त्यांच्याकडेही जाणार का आपण?

मिस्त्रींना मी विचारलंय. शेड उघडी राहिली तर दर मंगळवारी ते येऊन बसायला तयार आहेत. बाकीचे दिवस आम्ही तेरा जणी पाळीने बसू. आम्हाला फक्त किल्ली हवी.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल सोसायटीचे आभार. मिस्त्रींना आमच्यासाठी सोडलंत, जेवण गार होऊ दिलंत, त्याबद्दल वहिनींचे त्याहून जास्त. कोणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. शब्दांबद्दल क्षमा मागते. मागणीबद्दल नाही.

भंगाराचा ट्रक सोमवारी येतोय. म्हणून अध्यक्षसाहेब, शनिवारी दुपारी बारापर्यंत मला उत्तर द्या. लेखी, आपल्या सहीचं. ‘हो’ असेल तर किल्ली सोबत पाठवा. ‘नाही’ असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे सोमवारी शेडच्या दारात किती टिलर आडवे लावायचे ते आम्हाला ठरवता येईल. ‘बघू’ लिहू नका. शनिवार, दुपारी बारा.