मिठाच्या पाण्याचा मानकरी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टरबाई, आणि समोर बसलेल्या, सुयांना सरावलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला इथे उभं केलंय ते मी चांगलं बोलतो म्हणून नव्हे. माझा दंड सुजला नाही, म्हणून. हा काय प्रकार, असं काहींना वाटलं असेल. सांगतो.

लोकांना वाडवडिलांकडून घरदार मिळतं. आम्हा भावंडांना मिळालं मोठं नाक, तापट डोकं आणि आतड्याच्या कॅन्सरचा धोका. वडील त्यानंच गेले, आत्याही त्यानंच गेली. म्हणून दरवर्षी दादा, ताई आणि मी एकाच दिवशी आतड्याची तपासणी करून घेतो. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिऊन तीन सख्खी भावंडं एकाच संडासाच्या दाराशी उभी राहतात ना, तेव्हा रक्ताचं नातं म्हणजे काय ते कळतं. माफ करा, अध्यक्षमहोदय, पण विषयच तसा आहे.

तर बाईंनी लस तयार केली. अशा घरातल्या माणसांच्या शरीराला बिघडलेली पेशी वेळीच ओळखायला शिकवायची, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच तिचा बंदोबस्त. पण ती खरंच चालते का, हे ठरवायचं तर निम्म्यांना लस टोचायची आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे ना आम्हाला ठाऊक, ना बाईंना.

आता आमचा दादा पडला शिंपी. तो कसला गप्प बसतोय? दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन हजर. ताईचा दंड मापला, स्वतःचा मापला, दोन्ही सुजलेले. माझा जसाच्या तसा. चष्मा कपाळावर सारून त्यानं जाहीर केलं, "धाकट्याला मिठाचं पाणी." तेव्हापासून घरात माझी बडदास्त सुरू झाली. ताई माझ्या ताटात जास्तीचं वाढते. माझ्याशी कुणी भांडत नाही, बायकोसुद्धा. माणसाला जिवंतपणी इतकं चांगलं वागवू नये हो, धास्ती बसते.

शेवटी वैतागून बाईंकडे गेलो आणि म्हटलं, मी हे सोडतो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. सुजेवरून काही कळत नाही, दादांना टेप दुकानात ठेवायला सांगा, म्हणाल्या. आणि मिठाचं पाणी घेणारेच नसतील, तर लस घेतलेल्यांची तुलना करायची कुणाशी? थोडक्यात, काहीही न मिळता मी कामाचा आहे, हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला सांगितलं. राहिलो.

गेल्या तपासणीत दादा आणि ताई साफ निघाले. माझ्या आतड्यात मात्र एक गाठ सापडली. बाईंनी ती तिथल्या तिथे काढली आणि मी ठणठणीत आहे, हे तुम्ही बघताच आहात. पण घरात ही रडारड. दादानं तर टेप फेकूनच दिली. आणि मी? खरं सांगतो, मी मनातून हरखलो होतो. समोर दुसऱ्या रांगेत, बापाच्या बोलण्यानं लाजून खाली बघत बसलीय ना, ती माझी मुलगी. नाक माझंच घेतलंय. रक्ताच्या तपासणीत कळलं, नाकाबरोबर तो धोकाही घेतलाय. लस घ्यायचं तिचं वय अजून व्हायचंय.

म्हणून मी बाईंना गळच घातली. म्हटलं, "मला मिठाचं पाणीच मिळालं होतं ना? म्हणजे दादा-ताईला लस मिळाली, आणि ती चालते. एवढं फक्त हो म्हणा."

बाई म्हणाल्या, "एका घरावरून काही सिद्ध होत नाही."

मग चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत बसल्या. खोटा धीर त्यांनी आम्हाला कधी दिला नाही. म्हणून तर त्यांनी दिलेला प्रत्येक शब्द आम्ही घट्ट धरून ठेवला.

कुणाला काय टोचलं ते उघड होण्याआधीच बाई निवृत्त होताहेत, याचं मला फार वाईट वाटतं. बाई, तुमचे उपकार मोठे आहेत. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. भरल्या सभेत संडासापर्यंत गेलो, तेवढं पोटात घाला. आणि बाई, एकच मागणं. निकाल उघडेल त्या दिवशी असाल तिथून या, आणि माझ्या पोरीसमोर मला सांगा, की धाकट्या, तुला मिठाचंच पाणी टोचलं होतं.