ग्रेसीच्या डब्यातला पाला

...नाही हो, टोमॅटोचं नावच काढू नका! तुम्हाला सांगतो, आमच्या चाळीच्या गॅलरीत, आमचं दार आणि ग्रेसीचं दार ह्यांच्या मधोमध, रंगाच्या रिकाम्या डब्यात एक टोमॅटोचं झाड आहे, कठडा सोडून पार वरच्या कांताबाईंच्या वाळत घातलेल्या साडीला जाऊन भिडलंय, खोड माझ्या अंगठ्याएवढं, पानं हिरवीगार... आणि टोमॅटो? एक असेल तर शपथ! पाला बघा नुसता, पाला!

आता ग्रेसी कोण? आमच्या हिची, लतिकेची, शेजारीण. शेजारीण कसली, माझी दुसरी सासूच! ही लग्न होऊन करी रोडला आली तेव्हा हिला मासे निवडून घ्यायला ग्रेसीनेच शिकवलं, तेव्हापासून दोघींचा चहा एका पातेल्यात. पण आता ग्रेसीचे गुडघे बोलायला लागले, जिने नकोसे झाले. म्हणून तिचा लॅन्स, गुणी पोरगा हो, नाव ठेवायला जागा नाही, म्हणाला, "मम्मा, वसईला चल माझ्याकडे, लिफ्ट आहे." ग्रेसी म्हणाली, "येते रे बाबा! पण हे झाड मी लावलंय ना, त्याचे टोमॅटो खाऊन येते." लतिकेने ऐकलं, आत गेली, डोळे पुसले. मला म्हणाली, "कांदा चिरतेय." ओट्यावर कांदा नव्हता!

मग काय, दर रविवारी लॅन्स हजर. वाकून बघतो... पाला! शेवटी त्याने राणीच्या बागेजवळच्या एका नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणतो कसा, "युरिया कोण घालतंय? अरे, नायट्रोजन जास्ती झाला की झाड पानंच काढत बसतं, फुलाची आठवणच येत नाय त्याला! युरिया बंद करा, थोडं पोटॅश द्या, मग बघा फळ धरतं की नाय." लॅन्सने सगळ्या गॅलरीला बजावलं, "युरिया कोणी घालायचा नाही हां!" सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यात जोरात लतिकेने.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी, सगळी चाळ आडवी, मी एक डोळा उघडा ठेवून पडलोय, तर ही साखरेच्या डब्यामागून पुडी काढते, चिमूटभर युरियाचे पांढरे दाणे तांब्यात टाकते, आणि ओतते झाडाला! म्हटलं, "अगं, काय करतेस?" तर म्हणे, "झोपा तुम्ही!" झोपतोय कसला? तेवढ्यात पलीकडचं दार करकरलं... ग्रेसी! एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात कप, आणि कपात तेच पांढरे दाणे!

"ग्रेसी, तू पण?"

"मग काय करू गं? पोराला नाही म्हणवत नाही... आणि तुला सोडवत नाही."

तुम्हाला सांगतो, दोघी त्या डब्यापाशी बसून रडल्या, हसत हसत रडल्या, आणि मी आत उशीत तोंड खुपसून... कांदा चिरला म्हणा!

रविवारी लॅन्स आला. खालच्या पानांच्या कडा करपलेल्या, डबल डोस ना! त्याने माती उकरली, न विरघळलेले दाणे दिसले. आईकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. मी दारातून बघतोय! म्हटलं, संपलं, आता हा टॅक्सी बोलावणार. पण त्याने नुसता पानांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "लतिका आंटी, दोघींपैकी एकीनेच घाला. झाड जळलं, तर मम्माला न्यावं लागेल मला."

आता बोला! तेव्हापासून पोटॅशची पुडी तशीच बांधलेली, ग्रेसी पलीकडे, ही अलीकडे, चहा एका पातेल्यात. आणि मी? आज दोघींना टोमॅटोचं सार खायची लहर आली, म्हणून दारात एवढं झाड असताना पिशवी घेऊन निघालोय चिंचपोकळीला, टोमॅटो विकत आणायला... पाला बघा नुसता, पाला!