फिलिपसरांचा फोटो

इथं जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

फिलिपसरांच्या फोटो-टायपिंगच्या दुकानात मी अकरा वर्षं काम करते. 'करत होते' असं अजून म्हणवत नाही. सर एकटेच होते. श्रीरामपुरात त्यांचं रक्ताचं कुणी नाही. आपणच.

तुमच्यातल्या कितीजणांचे फोटो सरांनी काढले असतील? लग्नाचे, बारशाचे, फॉर्मावर चिकटवायचे. सगळे ज्याच्या-त्याच्या नावानं कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेत. शोधायचे मात्र काळ्या स्क्रीनवर, नुसतं टाईप करून. माऊसला हात लावायचे नाहीत. मला म्हणायचे, "ताई, पूर्ण नाव कशाला? आठवतील ती अक्षरं टाका. मधली सुटली तरी चालतं." एकेक अक्षर टाकलं की यादी आखडत जायची.

एकदा बेलापूरच्या एक मावशी आल्या. त्यांची लेक वारली होती. म्हणाल्या, "लग्न झाल्यावर जोडीनं हितं फोटो काढला हुता. माझ्याकडं तिचा एक बी न्हाई."

सरांनी विचारलं, "नाव काय, मावशी?"

"आमची ती बेबीच. सासरी बदललं. अर्चना का अपर्णा, कायतरी हाय."

मला वाटलं, आता कसा सापडणार? सरांनी चार इंग्रजी अक्षरं टाकली. ए, आर, एन, ए. दोन्ही नावांत ती त्याच क्रमानं येतात. दहा-बारा फोटो उरले. सातवा उघडला आणि मावशींनी स्क्रीनवर हात ठेवला. बराच वेळ उचलला नाही. सरांनीही उचला म्हटलं नाही.

परवा सर गेले. दुपारी, दुकानात, खुर्चीतच.

काल या सभेसाठी फोटो हवा म्हणून मी त्याच स्क्रीनसमोर बसले. सरांचं नाव टाकलं. आडनाव टाकलं. नुसतं 'सर' टाकलं. तुमचे सगळ्यांचे चेहरे निघाले हो. सरांचा एकही नाही. आधार कार्डावरचा आहे, पण तो सरांसारखा दिसतच नाही.

अकरा वर्षं. कॅमेरा टेबलावरच असायचा. एकदाही मी म्हटलं नाही, "सर, बसा, आज तुमचा काढते." ते नको म्हणाले असते, मला माहीत आहे. तरी म्हणायला हवं होतं.

म्हणून आज समोर नुसती फुलं आहेत. सर, तुमचा फोटो काढायचा राहूनच गेला. माफ करा.

आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहूया.